मूळचं, नंतरचं आणि कडोलकरकाका

कडोलकरकाका बसमध्ये रायफलीला शेवग्याची शेंग म्हणतात.

हा काकूंचा हुकूम आहे आणि त्यामागे इतिहास आहे. काही वर्षांपूर्वी ब्रिस्टलच्या भरल्या बसमध्ये काकांचा फोन वाजला. काकांना स्वतःला कमी ऐकू येत नाही, पण समोरच्याला कमी ऐकू येत असणार असं ते धरून चालतात. त्यामुळे "रायफल आली का? टेबलावर काढून ठेवा, मी शनिवारी येतो, दुर्बिणीला मात्र कुणाला हात लावू देऊ नका," हे त्यांनी स्वच्छ इंग्रजीत सगळ्या बसला ऐकवलं. पुढच्या स्टॉपवर निम्मी बस उतरली. त्याच्या पुढच्या स्टॉपवर दोन पोलीस चढले. पोलीस फार सभ्य होते असं काका आजही सांगतात. त्यातल्या एकाला त्यांनी तिथेच सीटवर बसून जुन्या रायफलीची साईट कशी ओळखायची ते समजावलं म्हणे.  घरी आल्यावर काकू म्हणाल्या, "अहो, ह्यापुढे बाहेर तो शब्द काढायचा नाही. शेंग म्हणा."

तेव्हापासून शेंग. सॉमरसेटमधल्या एका गावात जुन्या बंदुका विकणारा ग्रॅहम नावाचा दुकानदार आहे, त्यालाही काकांनी हा शब्द शिकवला. तो फोनवर गंभीरपणे सांगतो, "मुकुंद, एक फार सुरेख ड्रमस्टिक आलीय." इथल्या लोकांना ड्रमस्टिक म्हणजे कोंबडीची तंगडी. त्यामुळे काकांचं फोनवरचं बोलणं ऐकणाऱ्या बसमधल्या बायकांना हा पांढऱ्या मिशांचा म्हातारा कोंबडीचा मोठा दर्दी वाटतो. काका तर अंडंही खात नाहीत.

मी सुनीता. नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्याहून इकडे आले आणि नऊ वर्षं काकांच्या भिंतीला भिंत लावून राहतेय. पहिल्या आठवड्यात काकूंनी भिंतीपलीकडून पोह्यांचा डबा पाठवला आणि काकांनी पोह्यांबरोबर येऊन आमच्या दाराच्या बिजागऱ्या तपासल्या. तीनपैकी वरची मूळची, खालच्या दोन नंतरच्या, असा निकाल देऊन ते गेले. घर भाड्याचं होतं, पण मला उगाच कुणीतरी फसवल्यासारखं वाटलं.

काकांच्या जगाचे दोनच भाग आहेत: मूळचं आणि नंतरचं. समोर काहीही आलं की ते मान तिरकी करून, एक डोळा बारीक करून त्याच्याकडे बघतात आणि वर्गवारी करून टाकतात. माझ्या सासूबाईंनी हौसेनं दिलेली समई त्यांनी गणपतीच्या दिवशी उचलून पाहिली आणि आरती सुरू असतानाच माझ्या कानात म्हणाले, "वरचा मोर नंतरचा." महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीला नव्यानं आलेल्या एका गृहस्थांच्या दाट काळ्या केसांकडे ते बराच वेळ तसे बघत राहिले. काकूंनी वेळेवर त्यांच्या तोंडात तिळाचा लाडू कोंबला म्हणून निभावलं.

हे स्वतःलाही लागू. एकदा बसस्टॉपवर एका आजीबाईंनी त्यांना इथला ठरलेला प्रश्न विचारला, तुम्ही मूळचे कुठले? आपल्यापैकी बरेच जण या प्रश्नावर आतून जरा ताठ होतात. काका खुलले. म्हणाले, "ओरिजिनली बेळगाव, मॅडम. फिटेड हिअर लेटर."

आता शेंगेबद्दल सांगायला हवं.

काउबॉयांच्या सिनेमात घोड्यावरचा माणूस चापाखालची कडी झटकन खाली ओढून वर करतो आणि पुढची गोळी आत जाते, ती लिव्हर-ॲक्शन रायफल. अमेरिकेत त्या ढिगानं झाल्या आणि जगभर गेल्या. हौशी लोक त्या जपून ठेवतात. पण शंभर-शंभर वर्षांत माणसाचे चष्मे बदलतात तशा रायफलीच्या साईटही बदलतात. नेम धरायला नळीच्या टोकाला असते ती पुढची साईट. जुने शिकारी तिला माशी म्हणायचे. मागे एक खाच असलेली पट्टी. कुणी माशी बदलतो, कुणी पट्टी काढून भोकाची साईट बसवतो, कुणाला वयापरत्वे दिसेनासं झालं की तो दुर्बीण लावून घेतो. यातलं कारखान्यातून आलेलं काय आणि पुढे कुणी लावलं ते सांगणारी माणसं या देशात थोडी आहेत. त्यातले एक आमचे काका. त्यांनी आयुष्यात एकही गोळी झाडलेली नाही. त्यांच्याकडे बंदूक नाही, बंदुकीचा परवाना नाही, आणि घरात कोळी निघाला तर ते त्याला ग्लासात धरून बागेत सोडून येतात.

नोकरीत ते विमानाच्या इंजिनांचे भाग मोजायचे. पस्तीस वर्षं त्यांनी केसाच्या जाडीचे भाग करून मोजले. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, हिरवळीवर बाउल्सचे गोळे घरंगळवतात. काकांनी जुन्या बंदुकांच्या लिलावांना जायला सुरुवात केली. ग्रॅहमसारखे दुकानदार त्यांना बोलावतात, रायफल टेबलावर ठेवतात, आणि काका डोळ्याला भिंग लावून तासभर वाकून बसतात. साईट हळूच सरकवून तिच्याखालचा रंग बघतात. कारखान्यातून लागलेल्या साईटखाली नळीचा निळसर रंग नव्यासारखा राहतो, कारण त्यानं कधी ऊन पाहिलेलं नसतं. स्क्रूच्या खाचा बघतात. भोकातले आटे मोजतात. त्यासाठी त्यांच्या खिशात दातेरी पात्यांचा एक जुडगा असतो, चाकूसारखं एकेक पातं उघडायचं आणि आट्यात बसवून बघायचं. इंचाला किती आटे ते त्यावरून कळतं. मग ते आपल्या रेखीव अक्षरात अर्ध्या पानाचा अहवाल लिहितात. मागची साईट मूळची. माशी नंतरची. बाजूची दोन भोकं नंतरची, वाईट हातानं पाडलेली. पैसे घेत नाहीत, चहा घेतात.

दुर्बीण बसवण्यासाठी पाडलेल्या भोकांवर त्यांचा विशेष राग. चांगल्या रायफलीला असं भोक दिसलं की त्यांचा चेहरा देवळात चपला घालून कुणी आल्यासारखा होतो. तरीही, आणि हे मला फार उशिरा लक्षात आलं, अशा भोकांच्याच रायफली बघायला ते सगळ्यात लांब जायचे. मूळच्या, निर्दोष, सगळं जिथल्या तिथे असलेल्या रायफलीसाठी त्यांनी एकदा मिल्टन कीन्सलासुद्धा जायला नकार दिला होता, आणि तिथे त्यांची मुलगी राहते. पण "कुणीतरी डाव्या बाजूला काहीतरी ठोकलंय" असं कळलं की बस बदलत, ट्रेन बदलत ते निघालेच.

डोळ्याच्या ऑपरेशननंतर त्यांनी गाडी चालवणं सोडलं आणि शनिवारी त्यांना सोडायचं काम माझ्याकडे आलं. मला यातलं काही कळत नाही. मी तिथे बसून चहा प्यायचे आणि काकांकडे बघायचे. दोन-तीन खेपांनंतर एक गोष्ट दिसली. जुडग्यात पंधरा-वीस पाती आहेत, पण काका भोक मोजायला घेतलं की पहिल्यांदा नेहमी एकच पातं उघडायचे. ते बसायचं नाही. मग ते मान हलवून दुसरी लावायला घ्यायचे. एकदा मी विचारलं, हेच आधी का? ते म्हणाले, "सवय." आणि त्यांनी जुडगा मिटून खिशात ठेवला.

गेल्या मार्चमधली गोष्ट. ग्रॅहमचा फोन आला की एक ड्रमस्टिक आहे, डाव्या अंगाला घरगुती पट्टी ठोकून दुर्बीण लावलीय, कॅटलॉगमध्ये काय लिहू ते सांगा. रायफल ॲलिसन नावाच्या बाईंची. त्यांचा भाऊ वारला, त्याच्या कपाटात ती होती. बाईंकडे परवाना नसल्यामुळे ती ग्रॅहमच्या ताब्यात होती आणि पुढच्या महिन्यात लिलावात जाणार होती.

आम्ही पोचलो तेव्हा ग्रॅहमनं ती हिरव्या बनातीवर काढून ठेवली होती. काकांनी कोट काढला, बाह्या दुमडल्या, भिंग लावलं. माशी मूळची. मागची साईट मूळची. मग त्यांनी रायफल फिरवून डावी बाजू वर केली. जाडशी लोखंडी पट्टी होती, कानशीनं घासून गोल केलेल्या कडांची, चार स्क्रूंनी बसवलेली, आणि तिच्यावर बोटाएवढ्या जाडीची जुनी दुर्बीण. काकांनी तिच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग त्यांनी एक स्क्रू काढायची परवानगी मागितली. ग्रॅहमनं स्वतःच तो हलक्या हातानं काढून दिला. काकांनी जुडगा काढला, नेहमीचं पातं उघडलं आणि स्क्रूच्या आट्यांना लावलं.

ते बसलं.

काकांनी ते काढलं, स्क्रू रुमालाला पुसला, पुन्हा लावलं. पुन्हा बसलं. मग त्यांनी ग्रॅहमला शांतपणे सांगितलं की अख्खी पट्टी काढून बघायला लागेल. ग्रॅहम म्हणाला, त्यासाठी ॲलिसनला विचारायला हवं. ती जवळच राहते, बोलावून घेतो. तो फोन करायला आत गेला. काका मला म्हणाले, "सुनीता, जरा गाडीत बसू."

गाडीत त्यांनी पट्टा लावला, मग कुठे जायचं नाही हे लक्षात येऊन सोडला. आणि मला आप्पांबद्दल सांगितलं.

काकांचे वडील परशराम कडोलकर बेळगावच्या कॅम्पात बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात मिस्त्री होते. काका तेव्हा शिक्षणासाठी निपाणीला मामाकडे, त्यामुळे यातलं काहीच त्यांनी पाहिलेलं नाही. सगळं त्यांच्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, सांगितलेलं. आई लवकर गेलेली, घर आणि दुकानातला आप्पांचा डबा आक्काच बघायची. दांडेलीच्या जंगलाकडे लाकडाच्या कंपनीत एक इंग्रज साहेब राहिला होता. सगळे गेले तरी हा शिकारीपायी थांबलेला. नजर उतरल्यावर त्यानं टपालानं दुर्बीण मागवली आणि आप्पांच्या दुकानात आणून दिली. या रायफलीतून रिकामं काडतूस वरून उडतं, म्हणून दुर्बीण वर लावता येत नाही, बाजूला लावावी लागते. तशी पट्टी बेळगावात कुठे मिळणार? आप्पांनी ती हातानं घडवली. भोकं हातड्रिलनं पाडली. भोकात आटे पाडायला दुकानात एकच टॅप होता, सायकलच्या कामाचा, इंचाला सव्वीस आट्यांचा. आठ दिवस लागले.

साहेब रायफल घेऊन गेला आणि पंधरा दिवसांनी परत आला. गोळी डावीकडे जाते, मिस्त्रीनं पट्टी वाकडी लावलीय. दुकानाच्या दारात, रस्त्यावरची माणसं ऐकत असताना तो हे बोलला. मालकानं गिऱ्हाइकासमोर आप्पांचा हिशेब करून त्यांना घरी पाठवलं. साहेब रायफल होती तशीच घेऊन निघून गेला. पुढे विलायतेला गेला म्हणे.

"मी मे महिन्याच्या सुट्टीत घरी आलो," काका म्हणाले, "तर आप्पा रस्त्याच्या कडेला बसून सायकलचं पंक्चर काढत होते. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मरेपर्यंत बंदुकीला हात लावला नाही त्यांनी. आक्काला फक्त एकदा म्हणाले होते, माझं काम वाकडं नव्हतं."

मी विचारलं, "आणि तुम्ही इतकी वर्षं ती रायफल शोधताय?"

"शोधतोय म्हणजे, येतील त्या बघतोय. इथल्याही कारागिरांनी सायकलचे आटे वापरलेत. दोनदा फसलोय." मग म्हणाले, "मोजायला शिकलो मी, सुनीता. नोकरीत कितीतरी मोजलं. हे एक मोजायचं राहिलंय."

मी त्यांना विचारलं, आणि पट्टी खरोखरच वाकडी निघाली तर? ते काचेतून समोर बघत होते. म्हणाले, "तर तसं लिहीन."

तेवढ्यात एक लहानशी निळी गाडी येऊन थांबली. ॲलिसन सत्तरीच्या असतील, पायात बागेतले चिखलाचे बूट. त्या गप्पिष्ट होत्या. आत येताच त्यांनी सांगून टाकलं की रायफल मुळात वडिलांची, इंडियातून आणलेली. त्यांचा स्वतःचा जन्मही तिकडचाच, पण आठवण म्हणाल तर एका पांढऱ्या कुत्र्याची आणि फणसाच्या वासाची. वडील इथे आल्यावर तीस वर्षं याच रायफलीनं हरणांच्या शिकारीला जायचे. मित्र म्हणायचे, नवी दुर्बीण बसवून घे, ही गावठी पट्टी काढ. ते कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

"डॅड म्हणायचे, बेळगावमधल्या एका लिटल मॅननं बसवलीय, आणि ती कधी हलली नाही."

इंग्रजीत लिटल मॅन म्हणजे बुटका नव्हे. गल्लीतला छोटा कारागीर, ज्याचं नाव लक्षात ठेवायची गरज नसते असा. बाई ते कौतुकानंच म्हणाल्या होत्या. पण मी काकांकडे बघितलं. त्यांनी खाली बघून भिंगाची काच पुसायला घेतली होती आणि ती बराच वेळ पुसत राहिले.

पट्टी काढायला बाईंनी आनंदानं परवानगी दिली. त्याआधी काकांनी ग्रॅहमला एक विनंती केली. ग्रॅहमकडे नळीच्या तोंडात बसवायचा एक छोटा दिवा आहे. नळी जिकडे बघतेय तिकडे लांब भिंतीवर तो लाल ठिपका टाकतो. रायफल लाकडी घोडीवर घट्ट बसवली. मागच्या अंगणापलीकडच्या भिंतीवर लाल ठिपका पडला. दुर्बिणीचे फिरवायचे दोन्ही स्क्रू बरोबर मध्यावर आहेत हे काकांनी आधी तपासलं, म्हणजे दुर्बिणीत ओढूनताणून काही जुळवलेलं नव्हतं. मग ते वाकले आणि दुर्बिणीला डोळा लावला.

किती वेळ ते तसे वाकून होते कोण जाणे. मग बाजूला झाले आणि ग्रॅहमला बघायला सांगितलं. ग्रॅहमनं बघितलं आणि हलकीच शीळ घातली. मलाही बोलावलं. दुर्बिणीतली फुली लाल ठिपक्यावर बसली होती. शेजारी नव्हे, काठावर नव्हे, मधोमध.

मला वाटलं, झालं. पण काका मोजणारे. ते म्हणाले, आता पट्टी काढा.

ग्रॅहमनं उरलेले तीन स्क्रू काढून पट्टी उचलली, आणि तिच्याखालून कागदासारखा पातळ पितळी पत्र्याचा तुकडा बनातीवर पडला. नखाएवढ्या रुंदीचा, दोन बोटं लांब. कुणीतरी तो पट्टीच्या पुढच्या अर्ध्या भागाखाली सरकवला होता. काकांनी तो न घालता पट्टी पुन्हा बसवायला सांगितली आणि दुर्बिणीतून बघितलं. फुली ठिपका सोडून भिंतीच्या पार उजव्या कडेला गेली होती. तुकडा घालून पुन्हा बसवली. फुली ठिपक्यावर परत आली.

काका स्टुलावर बसले. मराठीत, माझ्याकडे बघून म्हणाले, "भोकं वाकडी पडलीत. हातड्रिल घसरलं असणार. पण आप्पांना कळलं होतं, त्यांनी ते सुधारून मगच दिलं. काम वाकडं नव्हतं."

मग साहेबाची गोळी डावीकडे का गेली, असं मी विचारलं. ते म्हणाले, "दुर्बिणीची सवय नसेल त्याला. पुढे झाली असेल. झाल्यावर बेळगावला येऊन एकदा सांगायला हवं होतं, एवढंच."

मला राग आला होता. ॲलिसन समोरच उभ्या होत्या, हसऱ्या चेहऱ्यानं, हे काय चाललंय ते समजून घ्यायला उत्सुक. त्यांच्या वडिलांनी तीस वर्षं ज्या नेमानं शिकार केली त्याच्यापायी एक माणूस रस्त्यावर पंक्चर काढत मेला, हे त्यांना सांगायलाच हवं असं मला वाटलं आणि मी तोंड उघडलंही. काकांनी मराठीत म्हटलं, "राहू दे. तिला फणसाचा वास आठवतोय, तो राहू दे." आणि अहवाल लिहायला घेतला.

त्यांचे अहवाल मी बरेच वाचलेत. नंतरचं काम असलं की ते कर्त्याचं नाव कधी लिहीत नाहीत, कारण ते कुणालाच माहीत नसतं. या वेळी त्यांनी लिहिलं की दोन्ही साईट मूळच्या. दुर्बिणीची पट्टी नंतरची, हातानं घडवलेली, भारतात, बेळगाव येथे. कारागीर परशराम कडोलकर. पट्टीखालचा पितळी तुकडा काढू नये, त्याच्यावाचून नेम चुकेल.

ॲलिसननी तो कागद वाचला. नाव त्यांना उच्चारता येईना. त्यांनी विचारलं, हे कोण?

"दॅट इज द लिटल मॅन," काका म्हणाले. "माझे वडील. चांगले पाच फूट दहा इंच होते."

बाईंचा चेहरा उतरला, मग लाल झाला. त्या काहीतरी माफीचं बोलू लागल्या. काकांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि म्हणाले, तुमच्या वडिलांनी पट्टी कुणाला काढू दिली नाही, त्याबद्दल मीच आभार मानायला हवेत. बाईंनी दोन्ही हातांत त्यांचा हात धरला. मग त्या म्हणाल्या, लिलाव राहू दे, ही तुम्ही घेऊन जा, कागदपत्रांचं आपण काहीतरी करू. काका नको म्हणाले. मला शिकार येत नाही आणि भिंतीवर टांगायला ती केलेली नाही, असं त्यांचं म्हणणं. ती कुणीतरी वापरावी. पुढे ती स्कॉटलंडमधल्या एका शिकाऱ्यानं घेतली आणि अहवाल तिच्याबरोबर गेला, असं ग्रॅहमकडून कळलं.

त्या दिवशी ग्रॅहमनं पट्टी शेवटची बसवण्यापूर्वी काकांनी तो पितळी तुकडा भिंगाखाली धरला होता. त्याची खालची बाजू साधी नव्हती. तिच्यावर बारीक नक्षी होती, एक वेल आणि दोन पानं, तिसरं पान कापलं गेलेलं. काकांनी मोबाईलवर फोटो काढला. हे कशातून कापलं असेल ते त्यांना सांगता येईना. मूळचं काय होतं हे कळलं नाही असं मी त्यांच्याबाबतीत पहिल्यांदाच पाहिलं.

गाडीत बसल्यावर त्यांनी आक्काला फोन लावला. आक्का शहाऐंशीच्या, बेळगावातच धाकट्या मुलाकडे असतात. तिकडे रात्रीची जेवणं व्हायची होती. काकांनी फोन स्पीकरवर टाकला आणि सगळं सांगितलं, आप्पांचं काम बरोबर होतं, मी मोजलं, असं तीनदा सांगितलं. बेळगावशी बोलताना त्यांची भाषा बदलते, त्यांचं वयही कमी होतं. आक्का नुसत्या हूं हूं करत होत्या. मग काकांनी पितळी तुकड्याचं सांगितलं, वेल आणि पानांचं, आणि विचारलं, दुकानात असलं काय होतं काय गं?



"दुकानात नव्हतं," आक्का म्हणाल्या. "माझी डबी होती ती, कुंकवाची. आईनं घेतलेली. तिचं झाकण."

 मग आक्का सावकाश सांगू लागल्या. एक दिवस बघितलं तर डबीला झाकण नव्हतं. आप्पांना विचारलं, तर नुसतं म्हणाले, कामाला लागलं. त्या इतक्या रागावल्या की दोन दिवस बापाशी बोलल्या नाहीत. त्यानंतर थोड्याच दिवसांत साहेब आला आणि ते सगळं झालं, आणि मग झाकणाचं विचारायचं राहूनच गेलं. मोडीत घातलं असेल असं त्यांनी धरलं होतं.

"त्यानी मोडीत नाही घातलं," काका म्हणाले.

"तिथं आहे होय," आक्का म्हणाल्या. "असू दे मग. काढायला लावू नको कुणाला."

"नाही. तसं लिहून आलोय. दुसरी डबी पाठवू काय तुला? इथं चांगली मिळते."

"डबी आहे की रे. झाकणच तेवढं नव्हतं. सुया ठेवते मी त्यात. वर वाटी पालथी घालते."

यानंतर दोघांनाही बोलायला काही राहिलं नाही, पण फोन कुणी ठेवला नाही. मी किल्लीला हात लावला तेव्हा काकांनी मान हलवून मला थांबवलं. समोरच्या काचेवर बारीक पाऊस जमत होता. फोनमधून बेळगावचं घर ऐकू येत होतं. कुणीतरी ताटं मांडत होतं, लांब कुठेतरी स्कूटर सुरू होत नव्हती, आणि या सगळ्याच्या अगदी जवळ आक्कांचा श्वास. काका डोळे मिटून फोन कानाशी घेऊन बसले. स्पीकर चालू आहे हे ते विसरले होते. मीही त्यांना सांगितलं नाही.